विनोदी मालिकांतील विसंगती व त्यांचे शोधक

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांतल्या विसंगती हुडकण्याचा छंद अलीकडे बराच वाढला आहे. उजव्या हातांतला चहाचा पेला क्षणांत डाव्या हातांत कसा गेला, भिंतीवरचें घड्याळ दहा मिनिटें मागें कां आलें, असले प्रश्न चित्र थांबवून थांबवून विचारले जातात. हें केवळ छिद्रान्वेषण, असें म्हणून पुष्कळ विद्वान् नाक मुरडतात. आम्हांस तें पटत नाहीं. या छंदाचें कूळ चांगलें आहे. 'इलियड'च्या पांचव्या सर्गांत मारला गेलेला पायलेमेनीझ तेराव्या सर्गांत पुत्राच्या शवामागून रडत चालतो, हें जुन्या ग्रीक पंडितांच्या दृष्टीतून सुटलें नव्हतें. सँको पांझाचें गाढव चोरीस जातें आणि पुन्हां त्याच्याच मांडीखालीं दिसतें. 'डॉन किहोटे'च्या १६१५ सालच्या दुसऱ्या भागांत सर्व्हांटिसनें हा आक्षेप पात्रांच्याच तोंडीं घातला, आणि इतिहासकार चुकला असेल नाहीं तर मुद्रकाची हयगय असेल, असें उत्तर सँकोकडून देवविलें. आक्षेपकांमुळें ग्रंथास एक उत्तम विनोद लाभला.

मात्र सगळ्या चुका एका मोलाच्या नसतात. एकच प्रवेश अनेकदां चित्रित होतो व त्यांतील निवडक तुकडे संकलक जोडतो. पेल्यांतील पाण्याची पातळीसुद्धां टिपून ठेवणारा साहाय्यक त्या जागीं असतो. 'कंटिन्युइटी' हा शब्द तेथें आतां मराठीच झाला आहे. पण विनोद मोठा हट्टी. नटास नेमका विराम साधला त्या तुकड्यांत पेला रिकामा, आणि पेला भरलेला त्या तुकड्यांत विराम फसलेला, असें झाल्यास संकलकानें काय करावें? आम्ही बेलाशक रिकामा पेला पत्करूं. हंसण्याऐवजीं प्रेक्षक पेला पाहूं लागला, तर विनोदच पडला होता असें समजावें. 'फ्रेंड्स' या अमेरिकन मालिकेंत मोनिकाच्या घराचा क्रमांक प्रथम ५ होता, तो पुढें २० झाला. त्यानें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं.

गोकुळधामाची गोष्ट पहा. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' ही मालिका २००८ सालीं सुरू झाली. तींत मराठी शिक्षक आत्माराम भिडे याची कन्या सोनू हिचें काम चार अभिनेत्रींनीं केलें, टप्पूचें तीन नटांनीं. २०२२ सालीं खुद्द तारक मेहताच बदलला. सोसायटींतील एकाहि रहिवाशानें 'हा कोण?' असें विचारलें नाहीं, आणि प्रेक्षकांनींहि थोड्या कुरकुरीनंतर सर्व पचविलें. नाटक मंडळ्यांच्या काळापासून आपणांस ही सवय आहे. पण आपल्या जमान्याचे गोडवे गाणारा, पैशापैशाचा हिशेब ठेवणारा भिडे एखाद्या भागांत कारणावांचून उधळ्या झाला तर? तो दोष आम्ही पेल्याच्या दोषाहून शतपट मोठा मानूं. दयाबेन २०१७ सालीं पडद्यावरून गेली व तिचें माहेरपण लांबतच राहिलें. त्यानें जेठालालाच्या घराचा तोलच ढळला. ही तूट घड्याळाकडे पाहून सांपडत नाहीं.

आम्हां कोल्हापूरकरांस आणखी एक विसंगति खटकते. इकडच्या पुष्कळ स्त्रिया 'मी येतों', 'मी गेलों' असें बोलतात. पुरुषी क्रियापद त्यांच्या तोंडीं अगदीं स्वाभाविक आहे. मालिकांतली कोल्हापुरी गृहिणी एका प्रवेशांत हें अचूक बोलते, आणि पुढच्याच प्रवेशांत, रडण्याचा प्रसंग आला कीं, 'मी येतें' म्हणत पुण्याच्या वळणावर जाते. हंशापुरती बोली आणि दुःखाला प्रमाणभाषा! पेला इकडचा तिकडे गेल्यानें कोणाचा अपमान होत नाहीं. येथें मात्र या बोलींत धड रडतांहि येत नाहीं, असें लेखक नकळत सांगून जातो. बोली ऐकण्याची सोय नव्हती, ही सबबहि चालणार नाहीं. २०१६ सालीं सुरू झालेल्या 'तुझ्यात जीव रंगला' या मालिकेचें चित्रीकरण कोल्हापुराजवळ वसगड्यासच झालें होतें. पाणवठ्यावर, बाजारांत, एस्. टी.च्या थांब्यावर ती वाटेल तितकी कानीं पडते. पेले आणि घड्याळें मोजणाऱ्या शोधकांच्या याद्या आम्ही आवडीनें वाचतों. हा दोष त्यांत आम्हांस अद्याप आढळलेला नाहीं.