मोजणारा कोण आणि मोजणीतून सुटलेला कोण?

गरिबांची बाजू मांडणाऱ्या संस्थेची ताकद कशात असते, असं विचारलं की आपण निधी, वकील, वरच्या ओळखी असं काहीतरी सांगतो. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर एक जुना अहवाल जरूर वाचा: 'वुई, द इनव्हिजिबल', १९८५. मुंबईतल्या 'स्पार्क'चं हे काम. संस्था तेव्हा जेमतेम वर्षाची होती.

त्याच वर्षी १० जुलैला ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल आला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. पण रीतसर नोटीस देऊन फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला मुभाही दिली. ३१ ऑक्टोबरनंतर पाडापाडी होणार, हे उघड होतं. मग सुमारे ६,००० कुटुंबं, २७,००० माणसं मोजली गेली, तीही फुटपाथवरच्या बायकांना सोबत घेऊन.

माझ्या मते अहवालाचं खरं बळ इथेच आहे. 'हे काल आलेले उपरे' या शेऱ्याला त्याने भाषणाने नाही, तर तपासता येईल अशा माहितीने उत्तर दिलं: ही माणसं राबतात, बरीचशी कामावर चालत जातात, कित्येक वर्षांपासून इथेच आहेत. शिवाय मोजायची रीत अहवालात बंद होऊन राहिली नाही. १९८६ मध्ये 'महिला मिलन' उभं राहिलं ते याच बायकांमधून. दोन दिवसांच्या कार्यशाळेने (प्रमाणपत्रासह!) हे होत नाही.

आता खटकतं ते. मोजणारी संस्था स्वतःच पक्षकार आहे. म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत, पण चूक झालीच तर ती कुठल्या बाजूला झुकेल, हे वाचकाने विचारायलाच हवं. दुसरं, भायखळ्याच्या आसपासच्या वस्त्यांवरून अख्ख्या मुंबईच्या फुटपाथबद्दल बोलता येत नाही. सॅम्पल मोठं असलं म्हणून ते प्रातिनिधिक होत नाही.

आणि सगळ्यात अवघड मुद्दा: 'मोजले गेलो की दिसू लागलो' हा शीर्षकातला तर्क मला अर्धाच पटतो. त्याच निकालात पर्यायी जागेचं आश्वासन होतं ते १९७६ च्या गणनेचं ओळखपत्र असणाऱ्यांना. पुढे झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २००० अशा तारखा आल्या. यादी झाली की यादीबाहेरचा माणूसही तयार होतो.

हाच प्रयोग उद्या एरंडोलसारख्या नगरपालिकेच्या गावात करायचा म्हटलं, तर महिना कुठला निवडाल? दिवाळीनंतर खानदेशातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीवर जातात. दाराला कुलूप दिसतं, आपण 'घर बंद' लिहितो आणि विश्लेषण करताना ती ओळ सरळ गाळून टाकतो. ती गाळू नका. शेजारणीला विचारा कुठे गेलेत, कधी येतील, आणि त्या उत्तरासाठी तक्त्यात एक रकाना ठेवा. पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा एक फेरी मारा.