कोरड्या सुईची कसोटी

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ५० पैकी २० गुण या एका धावेला असतात. त्यामुळे भरतीची जाहिरात निघाली की नागपूरच्या मैदानांवर पहाटे गर्दी होते. सवय नसलेली मुले एकदम रोज चार-पाच किलोमीटर धावू लागतात आणि काही आठवड्यांतच कुणाची नडगी, कुणाची टाच, तर कुणाची पोटरी दुखू लागते. अशा दुखण्यावर 'ड्राय नीडलिंग' हा उपचार अलीकडे सुचवला जातो. दोन-तीन वेळा सुया टोचल्या की पुन्हा धावायला मोकळे, असा त्यामागचा विश्वास असतो. तो कितपत खरा, हे आपण तपासून पाहू.

या पद्धतीत अतिशय बारीक, भरीव सुई स्नायूतील दुखऱ्या जागी टोचतात. तिच्यातून औषध जात नाही, म्हणून ती 'कोरडी'. चेकोस्लोव्हाकियातील डॉक्टर कारेल लेविट यांनी १९७९ साली २४१ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. नेमक्या जागी सुई लागली तेव्हा सुमारे ८७ टक्के वेळा वेदना ताबडतोब कमी झाली, असे त्यांनी नोंदवले. आकडा मोठा आहे. पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, ही त्यातली उणीव आहे.

दुसरा गट कशासाठी हवा? माणूस उपचाराला जातो तो बहुधा दुखणे शिगेला पोचल्यावर. त्यानंतर ते काही अंशी आपोआपच उतरते. त्यातच चार दिवस धावणे बंद असते, आणि आता बरे वाटेल ही अपेक्षाही वेदना कमी करते. या सगळ्याचे श्रेय सुईला देणे योग्य नाही.

ऑस्ट्रेलियात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ही काळजी घेतली होती. टाचदुखीच्या ८४ रुग्णांपैकी काहींना खरी सुई टोचली, तर काहींना कातडीत न शिरणारी बोथट सुई. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले होते. खऱ्या सुईचा गट पुढे होता, पण सकाळच्या पहिल्या पावलाच्या वेदनेत हा फरक शंभरपैकी सुमारे १४ अंकांचा होता. रुग्णाला जाणवण्याजोगा फरक निदान १९ अंकांचा मानला जातो. किरकोळ, तात्पुरते त्रासही खऱ्या सुईच्या गटातच अधिक झाले. म्हणजे सुई अगदीच निरुपयोगी नाही, पण जादूही नाही. शिवाय हे रुग्ण भरतीसाठी धावणारे तरुण नव्हते.

आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळाच आहे. धावताना हाडांना व कंडरांना सूक्ष्म इजा होते आणि विश्रांतीत ती भरून निघते. इजेचा वेग भरपाईच्या वेगापेक्षा वाढला की दुखणे सुरू होते. सुई हे गणित बदलत नाही. नडगीच्या हाडाला बारीक चीर पडली असेल तर सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती पुष्कळदा दिसतही नाही. अशा वेळी वेदना दबली आणि मुलगा धावतच राहिला, तर चीर वाढून हाड मोडू शकते. भरतीची संधी तर जातेच, पायही जायबंदी होतो.

म्हणून हाडावर बोटाने दाखवता येईल अशी एकच दुखरी जागा असेल, किंवा बसल्या जागीही दुखत असेल, तर धावणे थांबवून अस्थितज्ज्ञाला दाखवावे. इतरांनी अंतर कमी करून हळूहळू वाढवावे आणि पोटऱ्या बळकट करणारे व्यायाम करावेत. त्यांनाही पुराव्याची हीच कसोटी लावायला हवी, पण ते निदान मूळ कारणाला हात घालतात.

वर्गात विद्यार्थ्यांना एकच प्रश्न द्यावा: सुईने गुण आला, हे सिद्ध करायला कोणाची तुलना कोणाशी कराल? नियंत्रित प्रयोगाचा धडा यातून पुस्तकापेक्षा लवकर समजेल.