न्यू रोझ : पावणेतीन मिनिटांची घाई

'पंक म्हणजे वाजवता न येणाऱ्यांचं संगीत' असं पुण्यात दोन प्रकारचे लोक म्हणतात. एक, सवाई गंधर्वला भारतीय बैठकीवर बसणारे. दुसरे, स्वतःचा पंक बँड काढू पाहणारे. पहिले नाक मुरडतात, दुसऱ्यांना त्यात सवलत दिसते. दोघांनीही 'द डॅम्ड'चं 'न्यू रोझ' हेडफोन लावून ऐकावं.

स्टिफ रेकॉर्ड्सनं २२ ऑक्टोबर १९७६ला काढलेलं हे ब्रिटिश पंकचं पहिलं सिंगल. सेक्स पिस्टल्सचं त्यानंतर महिन्याभरानं आलं, तेही ईएमआयसारख्या बड्या कंपनीकडून. नाव मात्र त्यांचंच जास्त झालं. त्यांच्याकडे घोषणा होती ना! इथे घोषणा नाहीच. ब्रायन जेम्सनं लिहिलेलं हे चक्क नव्यानं झपाटून जाण्याचं गाणं आहे.

सुरुवातीला गायक डेव्ह व्हॅनियन साठच्या दशकातल्या शांग्री-लाज या मुलींच्या ग्रुपची नक्कल करत एक वाक्य टाकतो आणि रॅट स्केबीजचे ड्रम्स अंगावर येतात. कच्चे? अजिबात नाहीत. घाई आहे, पण लय कुठेही सुटत नाही. बैठकीवरचे लोक ज्याला तयारी म्हणतात, ती हीच. कच्चं आहे ते रेकॉर्डिंग, आणि निर्माता निक लोनं ते घासूनपुसून चकचकीत केलं नाही हे त्याचं श्रेय.

मागच्या बाजूला बीटल्सचं 'हेल्प!' इतक्या वेगात उरकलंय, की ही थट्टा आहे की नमस्कार, कळत नाही. मला ते एकदाच पुरलं. 'न्यू रोझ' संपलं की मात्र बोट परत प्लेवर जातं.