धूपछाँव आणि बिंदू

भौमितिक अमूर्त चित्रांवरच्या मराठी लेखनात बहुधा एक कोश दडलेला असतो. वर्तुळ म्हणजे पूर्णत्व, बिंदू म्हणजे बीज, वर टोक असलेला त्रिकोण म्हणजे पुरुष, खाली टोक असलेला म्हणजे प्रकृती. चित्र बदलते, कोश बदलत नाही. हे अर्थ खोटे आहेत असे नव्हे. तांत्रिक परंपरेत त्यांना आधार आहे. पण अर्थ आधीच ठरला असेल, तर चित्रासमोर जाऊन उभे राहायचे कशाला? या चित्रांचा पहिला वाचक डोळा आहे, आणि आपल्या समीक्षेने त्यालाच बाहेर बसवले आहे.

सय्यद हैदर रझा यांचे उदाहरण घेऊ. १९२२ साली मंडला जिल्ह्यात जन्म, नागपूर आणि मुंबईच्या जे. जे.मध्ये शिक्षण, १९५० पासून पॅरिस. शाळेत असताना त्यांचे चंचल मन स्थिर व्हावे म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत राहायला सांगितले, ही आठवण रझा स्वतः सांगत. आपण ती दीक्षेच्या कथेसारखी सांगतो. गुरुजींनी मात्र ठिपक्याचा अर्थ सांगितला नव्हता. फक्त पाहायला सांगितले होते.

असे पाहिल्यावर काय होते? कागदावर एक गडद ठिपका काढा, त्याच्या कडेने पेन्सिलीने पुसट करडी छटा द्या आणि नजर न हलवता ठिपक्याकडे पाहत राहा. थोड्या वेळाने भोवतालची छटा विरू लागते, ठिपका तेवढा राहतो. स्विस वैद्य ट्रॉक्सलर यांनी १८०४ मध्ये हा परिणाम नोंदवला. रझांच्या अनेक बिंदुचित्रांत काळ्या वर्तुळाभोवती करड्याच्या चढत-उतरत्या पट्ट्या येतात. अशा सपाट पट्ट्या शेजारी आल्या की त्यांच्या कडा उगाच उजळ किंवा गडद दिसतात, पट्टी फुगीर वाटते. अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये याचा अभ्यास केला. म्हणजे बिंदू ‘स्पंदतो’ असे आपण लिहितो तेव्हा ते नुसते काव्य नसते. डोळ्यात तसे खरोखर घडत असते. भोवतालचे जग विरून मध्यबिंदू उरण्याचा अनुभव आधी येतो. शून्य, बीज हे शब्द त्यावर मागाहून बसतात. प्रतीकाला डोळ्याचा हा आधार नसेल, तर ते भिंतीवरच्या पाटीसारखे कोरडे राहते.

यावर आक्षेप येईल की, ही तर चित्राची नजरबंदी झाली. पश्चिमेत असे झालेही. ब्रिजेट रायली यांनी १९६१ च्या ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’मध्ये काळे-पांढरे चौकोन अरुंद करत नेले आणि सपाट पृष्ठभाग दुमडल्याचा भास निर्माण केला. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ हे प्रदर्शन भरले, गर्दी लोटली, आणि पाहता पाहता ती चित्रे पोशाखांच्या कापडावर उतरली. रायलींना याचा संताप आला. चित्र कापडावर गेले की त्याची चीज जाते, असा तिथला समज.

आमच्या नाशिक जिल्ह्यातले येवले याहून वेगळे शिकवते. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घेतला की पदर हलताना तिसराच रंग चमकतो. त्याला धूपछाँव म्हणतात. यातला खरा रंग कोणता? दोन्ही धागे खरे आहेत आणि तिसरा रंग पाहणाऱ्याच्या डोळ्यात तयार होतो. विणकर त्याला फसवणूक म्हणत नाही. तेच त्याचे कसब. ‘दृष्टिभ्रम’ या शब्दातल्या ‘भ्रमा’ने आपली दिशाभूल केली आहे. भ्रम म्हटले की चूक आली, आणि चुकीत गंभीर कला कशी असेल, असे आपण गृहीत धरतो.

याचा कस नसरीन मोहम्मदी यांच्या रेखाचित्रांवर लागतो. १९३७ साली कराचीत जन्म, मुंबईत वाढ, पुढे बडोद्यात अध्यापन, १९९० मध्ये अलिबागजवळ किहीमला मृत्यू. कागद, शाई, पेन्सिल आणि आरेखनाची साधने एवढेच त्यांचे साहित्य. ना शीर्षक, ना बहुतेक चित्रांवर तारीख. त्यामुळे इथे कोश उघडून उपयोग नाही. रेषांमधले अंतर आणि त्यांची जाडी किंचित बदलते, आणि कोरा कागद तिरपा होतो, खोल जातो, एक कड हवेत तरंगते. त्यांनी काढलेल्या छायाचित्रांत मागावर ताणलेले धागेही दिसतात, ते मला योगायोगाचे वाटत नाही. दोन रेषांमधली रिकामी जागा काम करते, हे मागाला आधीपासून ठाऊक आहे.

प्रतीकांचा कोश आपल्याला रझांपर्यंत नेतो आणि नसरीन यांच्या दाराशी सोडून देतो. मराठीत त्यांच्यावर रझांच्या मानाने इतके कमी का लिहिले गेले, याचे एक कारण मला इथे दिसते. म्हणून समीक्षकांना एकच विनंती. चित्राविषयी पहिले वाक्य लिहिण्याआधी दोन मिनिटे त्याच्यासमोर उभे राहावे, आणि त्या दोन मिनिटांत डोळ्याला काय झाले ते आधी लिहावे. कोश पळून जात नाही.