प्रमाण लिहायला विसरू नये

मराठीच्या मास्तराने गणिताच्या वर्गात पाऊल टाकू नये, असा नियम कुठे लिहिलेला नाही. तो असायला हवा होता. गणिताचे शिक्षक महिनाभर रजेवर गेले आणि दहावीतले 'आलेख' माझ्या गळ्यात पडले. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला दोन रेघा मारणे काय कठीण, असे मुख्याध्यापकांना वाटले असावे. मलाही तसेच वाटले, हे त्याहून वाईट!

समीकरणे दोनच होती. क्ष अधिक य बरोबर 5 आणि क्ष वजा य बरोबर 1. फळ्यावर पट्टी धरून मी बिंदू मांडले, रेघा ओढल्या. त्या एकमेकींना छेदल्या तेव्हा नायक-नायिकेची गाठ घालून दिल्याचे समाधान मला लाभले. उत्तर वाचले : क्ष 2, य 3. तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, दोनातून तीन गेले तर उणे एक येतो. एक कसा येईल?"

चूक साधी होती. बिंदू मांडताना मी आधी वर चढलो आणि मग आडवा चाललो. वाचताना मात्र शहाण्यासारखा आधी आडवा चाललो. पहिल्या समीकरणाने मला सांभाळून घेतले, कारण बेरजेला मागेपुढे झालेले चालते. वजाबाकी मात्र कडक सासूसारखी, तिने पकडलेच. मी पुसापुशी करत असताना ती मुलगी पुन्हा म्हणाली, "आणि सर, कोपऱ्यात प्रमाण लिहिलं नाहीत. आमचा अर्धा गुण जातो."

जे स्वतःला जमत नाही त्याचे परीक्षण करावेसे वाटणे, ही टीकाकाराची जुनी खोड. मीही आलेखांकडे साहित्य म्हणून पाहू लागलो.

आमच्या कादंबरीकारांच्या जातीतला एक गृहस्थ या वाटेने आधीच गेला होता, हे पाहून धीर आला. लॉरेन्स स्टर्न या इंग्रज लेखकाच्या 'ट्रिस्ट्रम शॅन्डी' या कादंबरीचे खंड 1759 पासून निघू लागले. नायक स्वतःची जन्मकथा सांगायला बसतो आणि इतकी आडवळणे घेतो, की त्याचा जन्म व्हायला तिसरा खंड उजाडावा लागतो! सहाव्या खंडाच्या अखेरीस तो आधीच्या पाच खंडांचा प्रवास चक्क रेघांनी काढून दाखवतो. वेटोळी, गाठी, आकडे, मधेच मारलेल्या कोलांट्या. पुढे मी पट्टीने मारल्यासारखा सरळ चालेन, असे वचनही देतो, आणि अर्थातच मोडतो. व्यापाराच्या आकड्यांचे रेषालेख छापणारे विल्यम प्लेफेअर यांचे पुस्तक निघाले 1786 साली. म्हणजे त्याच्या चोवीसपंचवीस वर्षे आधीच एका कादंबरीकाराने रेघांची थट्टा उरकून घेतली होती. ती थट्टा मला फार आवडते. पण तिच्यात एक सोय आहे : स्टर्नच्या रेघांना अक्ष नाहीत, प्रमाणही नाही. तिथे खोटे ठरायची भीतीच नाही.

खरी भीती पाहायची असेल तर शार्ल मिनार यांचे चित्र पाहावे. हे फ्रेंच अभियंते निवृत्त झालेले, वय 88. 1869 साली त्यांनी नेपोलियनच्या 1812 मधल्या रशियावरील स्वारीचा आलेख काढला. सैन्य म्हणजे एक पट्टा. निघताना 4,22,000 माणसे. पट्टा 4 सेंटिमीटरांहून रुंद. मॉस्कोला पोहोचेपर्यंत उरतात 1,00,000. परतीचा पट्टा काळा, आणि त्याखाली थंडीची उतरत जाणारी रेघ. बेरेझिना नदीपाशी 50,000 चे 28,000 होतात. शेवटी उरतात 10,000, म्हणजे 1 मिलिमीटर. या चित्रात ना रक्त आहे, ना हुंदका. आहे ते प्रमाण, आणि तेही शब्दांत लिहिलेले : दहा हजार माणसांना एक मिलिमीटर. अश्रूंनी भिजलेली युद्धवर्णने मी पुष्कळ वाचली आहेत, दोनचार लिहिलीही आहेत. त्या एका मिलिमीटरपुढे ती मला ओलसर वाटू लागली.

इथवर सगळे ठीक होते. दुसऱ्याची परीक्षणे करताना माणूस सुखात असतो. पण आमच्या शाळेच्या जिन्यापाशी निकालाचा एक आलेख लावलेला होता. चार वर्षांचे निकाल शेकडा 81, 82, 84 आणि 85. रेघ अशी चढलेली, की पाहणाऱ्याला कळसूबाई आठवावी. स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांनी तिचे तोंड भरून कौतुक केले होते. चित्रकार? अर्थात मीच! एके दिवशी ती मुलगी तिथे थबकली. "सर, हा खाली 80 पासून का सुरू होतो?"

"कागद पुरत नव्हता," मी म्हणालो. माझ्या साऱ्या लेखनात इतके टुकार वाक्य दुसरे नसेल.

त्या रविवारी मी तो शून्यापासून शंभरापर्यंत पुन्हा काढला, आणि कोपऱ्यात प्रमाण लिहिले. कळसूबाईचे पठार झाले. मुख्याध्यापक म्हणाले, "मास्तर, आपला डोंगर कुठे गेला हो?" पण माझे लक्ष डोंगराकडे नव्हतेच. नव्या कागदावर रेघेच्या वर एक कोरी पट्टी उरली होती. शेवटच्या वर्षी शेकडा पंधराची. जुन्या आलेखात तिला जागाच नव्हती, कारण तो 86 वर संपत होता. त्या कोऱ्या चौकटींत माझ्याच वर्गातली काही मुले होती.

'प्रामाणिक' हा शब्द 'प्रमाण' या शब्दावरून आला, हे मी वर्षानुवर्षे व्याकरणाच्या तासाला सांगत आलो आहे. त्याचा अर्थ मला गणिताच्या तासाला कळला. कादंबरीतही हाच अपराध घडतो : नायकाची चढण उंच दिसावी म्हणून आपण खालचा आणि वरचा कागद कापून टाकतो, आणि कापलेल्या कागदावर माणसे असतात. माझ्या पुढच्या हस्तलिखिताच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने 'प्रमाण' एवढा एकच शब्द लिहून ठेवला आहे. त्यापुढचा आकडा अजून भरायचा आहे.

तो आलेख मात्र भिंतीवर आहे. मुख्याध्यापकांनी काढला नाही, हे त्यांचे मोठेपण. माझा अर्धा गुण मला मिळाला.