रेझीनचा ड्राइव्हवे : पाणी झिरपते, पण कुठवर?

इंग्लंडमध्ये घरापुढे गाडी लावण्यासाठी जी पक्की जागा असते तिला ड्राइव्हवे म्हणतात. अलीकडे तिथे ही जागा रेझीन आणि बारीक खड्यांच्या थराने मढवण्याची पद्धत बरीच पसरली आहे. या धंद्यातली माहितीपत्रके चाळली तर दोन दावे वारंवार भेटतात : थर ‘पाणी झिरपणारा’ आहे आणि ‘उन्हाने न बदलणारा’ आहे. दोन्ही दावे खोटे नाहीत, पण अर्धे आहेत. ते कसे अर्धे आहेत हे तपासायला शाळेतले विज्ञान पुरते.

पहिल्या दाव्याला कायद्याची पार्श्वभूमी आहे. २००७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये मोठे पूर आले. १३ माणसे दगावली, सुमारे ५५,००० घरे व इमारती पाण्यात गेल्या. पुष्कळ ठिकाणी पाणी नदीचे नव्हतेच. पावसाचे पाणी गटारांत मावले नाही म्हणून ते तुंबले होते. त्यानंतर १ ऑक्टोबर २००८ पासून नियम आला : घरापुढच्या बागेत ५ चौरस मीटरहून जास्त जागेवर न झिरपणारा थर घालायचा असेल, आणि पाणी हिरवळीकडे किंवा वाफ्याकडे वळवणार नसाल, तर आधी परवानगी घ्या. झिरपणारा थर असेल तर परवानगीची गरज नाही. साहजिकच ‘झिरपणारा’ या शब्दाला बाजारात किंमत आली.

आता गंमत पाहा. रेझीनचे थर दोन प्रकारचे असतात आणि त्यांची इंग्रजी नावे कानाला जवळजवळ सारखी लागतात : ‘रेझीन-बाउंड’ आणि ‘रेझीन-बाँडेड’. बाउंडमध्ये खडे रेझीनमध्ये कालवून, मिश्रण थापीने पसरतात. खड्यांमध्ये फटी राहतात. बाँडेडमध्ये आधी रेझीन सलग पसरतात आणि वरून खडे भुरभुरतात, म्हणजे खाली अखंड पापुद्रा तयार होतो. त्यातून पाणी जाणार कुठून? पण दिसायला दोन्ही खडीदार, आणि दुसरा स्वस्त. चौकशी करणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा.

समजा, थर बाउंड आहे. त्याच्या पोटात किती पाणी मावेल? ढोबळ हिशेब करू. १०० किलो खड्यांना साधारण सात-साडेसात किलो रेझीन आणि सहा किलो वाळू लागते. खड्यांची घनता २.६५ धरली तर त्यांचे घनफळ सुमारे ३८ लिटर. सैलसर रचलेले खडे जागेचा ६० टक्के भाग व्यापतात, म्हणजे एकूण जागा ६३ लिटर आणि फटी २५ लिटर. त्यातले ७ लिटर रेझीन खाते, दोनेक लिटर वाळू. उरल्या १६ लिटर, म्हणजे सुमारे पाव भाग. थराची जाडी सहसा १८ मिलिमीटर असते. तिचा पाव भाग म्हणजे साडेचार मिलिमीटर पाऊस! ५० चौरस मीटरच्या ड्राइव्हवेत सव्वादोनशे लिटर. वीस मिलिमीटर पाऊस पडला तर त्याच जागेवर १,००० लिटर पाणी येते. खाली जुने काँक्रीट असेल तर उरलेले पावणेआठशे लिटर उताराने रस्त्यावर, नाहीतर शेजाऱ्याच्या दारात.

आणि खाली जुने काँक्रीट ठेवून वर थर देणे ही नेहमीची गोष्ट आहे, कारण त्यात खोदाईचा खर्च वाचतो. पाणी खरोखर जमिनीत जायचे तर रेझीनखाली फटी असलेला डांबरी थर हवा, त्याखाली भुकटी नसलेली खडी हवी. शिवाय लंडनच्या पुष्कळ भागासारखी चिकणमाती तळाशी असेल, तर पाणी मुरेपर्यंत साठवायला खडीचा थर जाड लागतो. झिरपणे हा एका थराचा गुण नाही, तो पूर्ण रचनेचा आहे.

नमुन्याच्या तुकड्यावर पाणी ओतून ते खालून गळताना दाखवणे हा विक्रीचा आवडता प्रयोग. तो हवेत धरलेल्या तुकड्यावर केलेला असतो, हे लक्षात घ्या! वर्गात त्याचा पुढचा भाग करता येईल. प्लॅस्टिकच्या दोन बाटल्यांची तोंडे कापून दोन्हींत सारखी खडी भरा, एकीच्या बुडाला भोके पाडा आणि दोन्हींत पाणी ओता. पहिली काही सेकंदे दोन्ही बाटल्या सारख्याच ‘झिरपणाऱ्या’ वाटतात. सच्छिद्र आणि पार्य या शब्दांतला फरक इथे हाताशी येतो. आपल्याकडच्या काही काळ्या दगडांत ढीगभर पोकळ्या दिसतात, पण त्या एकमेकींना जोडलेल्या नसतील तर दगडातून पाणी जात नाही.

दुसरा दावा उन्हाचा. यात वापरलेले रेझीन बहुधा पॉलियुरेथेन असते. त्याच्या रेणूत बेंझिनची वलये असतील तर अतिनील किरणांनी ते पिवळे-तपकिरी पडते. सरळ साखळ्यांचे, म्हणजे अ‍ॅलिफॅटिक, रेझीन रंग टिकवते पण महाग पडते. खडे तपकिरी असतील तर पिवळेपणा डोळ्यांत भरत नाही, पांढऱ्या खड्यांवर मात्र लगेच उठतो. पण हा गुण मुख्यतः रंगाचा आहे. त्यावरून पाया पक्का आहे की नाही हे कळत नाही. खडे ओले असताना काम केले तर आयसोसायनेट पाण्याशी अभिक्रिया करते, कार्बन डायऑक्साइड सुटतो, थर फेसाळतो आणि पांढुरका पडतो. हे नुकसान महागड्या रेझीनलाही चुकत नाही. म्हणून पाऊस किंवा दव असताना काम करू नये.

‘देखभाल नको’ असेही कुठे कुठे छापलेले असते. फटींत वाऱ्याने धूळ येते, पालापाचोळा कुजतो, सावलीत शेवाळ धरते. झाडलोट आणि अधूनमधून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणे झाले नाही, तर पाव भाग फटींचा आपला वरचा हिशेब काही वर्षांनी लागू पडणार नाही.