निरर्थक शब्दांची कसोटी

इंग्लंडमधील सरकारी प्राथमिक शाळांतून २०१२ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची जी वाचनकसोटी घेतली जाते, तिची चर्चा बहुधा शिक्षणशास्त्राच्या अंगानेच झालेली आहे. वस्तुतः ती भाषाशास्त्राने तपासून पाहावी अशी आहे. कारण तिचा सारा डोलारा लेखन व उच्चार यांच्या संबंधाविषयीच्या एका गृहीतावर उभा आहे.

कसोटीत ४० शब्द असतात. वीस खरे, वीस बनावट. बनावट शब्दाशेजारी काल्पनिक प्राण्याचे चित्र असते, म्हणजे मुलाने तो शब्द त्या प्राण्याचे नाव समजून वाचावा. ही योजना चतुर आहे. पाहून पाठ झालेला शब्द आणि अक्षरांवरून जुळविलेला शब्द यांतील भेद निरर्थक शब्दानेच उघड होतो. असले शब्द मुलांपुढे ठेवणे हास्यास्पद आहे, हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही. अपरिचित शब्द प्रथमदर्शनी वाचकाला निरर्थकच असतो.

खरे वैगुण्य गुणदानात आहे. बनावट शब्दाचा लेखनाशी सुसंगत असा कोणताही उच्चार ग्राह्य धरला जातो. खऱ्या शब्दाचा मात्र रूढ असेल तोच. (प्रादेशिक उच्चारभेदांना मुभा आहे, हे योग्यच.) आता इंग्रजीत ओ आणि डब्ल्यू ही जोडी 'काउ'मध्ये एक ध्वनी दर्शविते, तर 'ब्लो'मध्ये दुसरा. 'ब्लो' हा शब्द एखाद्या मुलाने 'काउ'च्या धर्तीवर वाचला, तर अक्षरांवरून ध्वनी जुळविण्याचे काम त्याने निर्दोषपणे केलेले असते. तरीही गुण जातो. हाच उच्चार बनावट शब्दात केला असता तर गुण मिळाला असता. मराठीत 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांतला 'ज' कसा उच्चारावा हे लिपी सांगत नाही, अर्थ सांगतो; तसलाच हा प्रकार, फक्त इंग्रजीत तो पदोपदी आढळतो. तेव्हा कसोटीच्या अर्ध्या भागात केवळ उकल मोजली जाते, उरलेल्या अर्ध्यात उकल आणि शब्दसंग्रह दोन्ही. आणि बेरीज मात्र एकच मांडली जाते. ज्याच्या घरी इंग्रजी बोलली जात नाही, त्या मुलाला या बेरजेची झळ विशेष लागावी, हे उघड आहे.

या बेरजेवर ३२ ची मर्यादा बसविलेली आहे. मुलाला गुण देतात ते त्याच्याच शाळेतील शिक्षक, आणि शाळेचे निकाल तपासनिसांपुढे जातात. २०१२ व २०१३ साली मर्यादा आधीच ठाऊक होती. त्या दोन्ही वर्षी ३१ गुणांच्या मानाने ३२ गुण मिळविणारी मुले एकाएकी फार दिसू लागली. २०१४ मध्ये मर्यादा आधी जाहीर केली नाही, तेव्हा तो उंचवटा बराच ओसरला. हा बदल मुलांच्या वाचनाने घडविला, असे मानणे कठीण आहे. उत्तीर्णांचे प्रमाण २०१२ मधील ५८ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ८२ टक्क्यांवर गेले. त्या वाढीत वाचनाचा वाटा किती आणि कसोटीच्या सरावाचा किती, हे एकत्रित आकड्यावरून सांगता येणार नाही. खऱ्या व बनावट शब्दांचे गुण निदान वेगवेगळे प्रसिद्ध होऊ लागले, तर पहिल्या प्रश्नाला तरी हात घालता येईल.